विटा भाजणारी शाळा



दहावी-बारावीचे निकाल लागले की तालुक्याच्या एसटी स्टँडवर फलक लागतात. सहा महिन्यांत कोर्स, शंभर टक्के नोकरीची हमी, राहण्याची सोय. आत जाऊन फी ऐकली की पोराचा बाप घरी येईपर्यंत हिशेब करत असतो, दावणीची म्हैस काढायची की विहिरीच्या कामाचे राखून ठेवलेले पैसे मोडायचे. कुठली संस्था खरी आणि कुठली नुसती पाटी, हे ओळखायचं कसं, असं गावोगाव बैठकांत विचारलं जातं. त्याचं उत्तर मी एका माणसाच्या आयुष्यातून देणार आहे. माणूस अमेरिकेतला आहे, वारला त्याला शंभराहून जास्त वर्षे झाली. पण त्याची शाळा आजही चालू आहे आणि तिची सुरुवात तुमच्या-माझ्या गोठ्याहून बऱ्या नसलेल्या जागेत झाली होती.

नाव बुकर टी. वॉशिंग्टन. वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल, निदान शाळेतल्या पोरांच्या हातात पाहिले असेल. भुईमुगावर आणि रताळ्यावर काम करणाऱ्या त्या कार्व्हर साहेबांना १८९६ साली टस्कीगीच्या शाळेत बोलावून घेणारा माणूस तो हाच. कार्व्हर आपल्याकडे घरोघर पोचले, बुकर मात्र मागे राहिले.

बुकरचा जन्म १८५६ साली व्हर्जिनिया राज्यातल्या एका मळ्यावर झाला. आई मळेवाल्याची गुलाम, त्याच्या स्वयंपाकघरात राबणारी. बाप कोणी गोरा माणूस होता, पण तो कोण हे पोराला कधी कळले नाही. गुलामाचे पोर म्हणजे मळ्याच्या मालमत्तेच्या यादीत बैल, घोडे यांच्याबरोबर किंमत लावून लिहिलेले पोर. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपले, गुलामांना मुक्ती मिळाली. आपल्याकडे महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ ज्यांना अर्पण केला, ते अमेरिकेतले गुलामी मोडून काढणारे लोक. मुक्त झालेल्या लाखो माणसांपैकी एक हे नऊ वर्षांचे पोर.

मुक्ती मिळाली, पण जमीन मिळाली नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. सावत्र बापाने कुटुंब वेस्ट व्हर्जिनियात माल्डन गावी नेले. तिथे मिठाच्या भट्ट्या होत्या. पोरगं पहाटे चारला उठून पिंपात मीठ भरायचं. सावत्र बापाच्या पिंपांवर १८ हा आकडा टाकलेला असे, म्हणून आयुष्यात पहिली ओळख झाली ती या आकड्याशी. पुढे कोळशाच्या खाणीत काम केले. शाळेत नाव घालायची वेळ आली तेव्हा मास्तरांनी आडनाव विचारले. गुलामाला कसले आडनाव? त्याने जागच्या जागी वॉशिंग्टन सांगून टाकले.

खाणीत दोन मजूर एका शाळेबद्दल बोलताना त्याने ऐकले. हॅम्प्टन गावी काळ्या मुलांसाठी शाळा आहे, गरिबाला काम करून शिकता येते आणि हातचा धंदाही शिकवतात. १८७२ साली सोळा वर्षांचा बुकर निघाला. अंतर पाचशे मैल, म्हणजे आठशे किलोमीटर. थोडी आगगाडी, थोडी घोडागाडी, बाकी पायी. वाटेत रिचमंड शहरात पैसे संपले, तर लाकडी पदपथाखाली झोपून काढले आणि दिवसा जहाजावरचे लोखंड उतरवले. हॅम्प्टनला पोचला तेव्हा खिशात अर्धा डॉलर.

त्याचा अवतार बघून प्रवेश द्यावा की नाही, हे बाईंना ठरवता येईना. त्यांनी हातात झाडू दिला आणि एक वर्ग झाडायला सांगितला. बुकरने तो तीनदा झाडला, चारदा पुसला. बाईंनी लाकडावर रुमाल फिरवून पाहिला, धूळ सापडली नाही, प्रवेश मिळाला. तीच प्रवेश परीक्षा. राहण्या-जेवणाच्या बदल्यात त्याने तिथे शिपायाचे काम केले. जोतीरावांचा ग्रंथ पुण्याहून निघाला त्या साली हा मुलगा हॅम्प्टनच्या खोल्या झाडत होता.

१८७५ मध्ये शिक्षण पुरे झाले. तीन वर्षे माल्डनला मास्तरकी केली, मग काही महिने वॉशिंग्टन शहरात पुढचे शिक्षण घेतले. तिथे पाहिलेली एक गोष्ट त्यांच्या मनात कायमची बसली. धोबीण बायांच्या मुली शाळेत सहा-आठ वर्षे घालवून बाहेर पडायच्या. आईचे काम सुटलेले असायचे, दुसरे काम हाताला लागलेले नसायचे. भारी कपडे, भारी बूट मात्र हवेसे झालेले. खर्चाची हौस वाढली आणि कमाईची ताकद होती तिथेच राहिली. आपल्या वस्तीवरही असली उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही.

आता मुख्य हकिकत. अलाबामा राज्यात टस्कीगी नावाचे लहान गाव आहे. तिथल्या निवडणुकीत काळ्या लोकांची मते हवी होती. पूर्वी गुलाम असलेला एक पत्रेकाम करणारा कारागीर, लुइस अॅडम्स, याने मतांच्या बदल्यात शाळा मागितली. मागणी पुरी झाली. राज्याने वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले, तेही फक्त शिक्षकांच्या पगारापुरते. जागेला, इमारतीला, खडू-फळ्याला एक पैसाही नाही. योजना मंजूर आणि इमारत नाही, हा प्रकार ग्रामपंचायतीत काम करणाऱ्यांना समजावून सांगायला नको.

हॅम्प्टनच्या प्रमुखांनी बुकर यांचे नाव सुचवले. वय पंचवीस. ४ जुलै १८८१ रोजी चर्चजवळच्या पडक्या झोपडीत तीस विद्यार्थ्यांनिशी शाळा सुरू झाली. पाऊस आला की एक विद्यार्थी उठून मास्तरांच्या डोक्यावर छत्री धरायचा आणि धडा चालू राहायचा.

शाळा उघडण्यापूर्वी बुकर महिनाभर आसपासची खेडी हिंडले होते. आमच्या खात्यात याला पायाभूत पाहणी म्हणतात. त्यांनी पाहिले की बहुतेक काळी कुटुंबे मळेवाल्याची जमीन वाट्याने करतात, उभ्या कापसावर दुकानदाराकडून उचल घेतात, कापूस निघाला की सगळा उचलीत जातो आणि नवी उचल सुरू होते. कापूस दारापर्यंत लावलेला. भाजीपाला नाही, कोंबडी नाही. धान्यसुद्धा उधारीवर विकतचे. एका खोपटात त्यांना एक तरुण दिसला. कपडे तेलकट, अंगणात गवत माजलेले, घरात घाण, आणि पठ्ठ्या फ्रेंच भाषेचे व्याकरण पाठ करत बसलेला! फ्रेंच शिकू नये असे माझे म्हणणे नाही. पण अंगणातले गवत कोणी काढायचे?

शाळेत आलेले विद्यार्थीही त्याच चालीचे. पुस्तक जितके जाड आणि विषयाचे नाव जितके लांब तितका मान मोठा. काहींनी बँकेचे व्याज, वटाव यांचे नियम तोंडपाठ केले होते आणि पाढे येत नव्हते.

तीन महिन्यांतच गावाबाहेर शंभर एकरांचा एक ओसाड मळा पाचशे डॉलरला विकायला निघाला. निम्मी रक्कम लगेच द्यायची होती. हॅम्प्टनच्या खजिनदारांनी स्वतःच्या खिशातून २५० डॉलर उसने दिले. मळ्याचा वाडा जळालेला. उरले होते एक खोपट, जुने स्वयंपाकघर, तबेला आणि कोंबड्यांचे खुराडे. तबेला आणि खुराडे झाडून तिथे वर्ग भरवले. रोज दुपारी शाळा सुटली की बुकर स्वतः कुऱ्हाड घेऊन रानात शिरत. विद्यार्थी आधी नाराज झाले, कारण त्यातले काही स्वतः मास्तर होते आणि जमीन साफ करणे मास्तराला शोभत नाही असे त्यांना वाटे. प्राचार्यच कुऱ्हाड चालवतो म्हटल्यावर हळूहळू सगळे आले. वीस एकर साफ करून पेरली.

मग विटा. इथे जरा थांबू या.

शाळेला इमारत हवी होती आणि गावात वीटभट्टी एकही नव्हती. म्हणजे शाळेला लागतात त्या विटा गावालाही लागतात, आणि करणारा कोणी नाही. माती तर मळ्यातच होती. बुकर यांनी ठरवले, आपणच करू. काम सोपे वाटले होते. गुडघाभर चिखलात उभे राहून माती मळायची पाळी आली तेव्हा कित्येक पोरे शाळा सोडून गेली. तरी साधारण पंचवीस हजार कच्च्या विटा थापल्या आणि भट्टी लावली. ती फसली. दुसरी लावली, तीही फसली. तिसरी आठवडाभर धगधगत ठेवायची होती. ती जवळजवळ भाजून होत आली आणि एका रात्री ढासळली. पैसा संपला. सहकारी म्हणाले, सोडून द्या. बुकर यांनी मॉंटगोमेरीला जाऊन आपले घड्याळ पंधरा डॉलरला गहाण टाकले. चौथी भट्टी साधली. घड्याळ सोडवायची मुदत आली तेव्हा हातात पैसे नव्हते, घड्याळ गेले ते गेलेच.

१९०० सालच्या सुमारास शाळेची पोरे एका हंगामात बारा लाख पक्क्या विटा पाडत होती. शाळेच्या चाळीस लहानमोठ्या इमारतींपैकी चार सोडून बाकी सर्व विद्यार्थ्यांच्या हातच्या. आणि विटा घ्यायला गावातले गोरे लोक येऊ लागले. काळ्यांना शिकवले की ते कामातून जातात, अशी त्यांची खात्री होती. पण चांगली वीट जवळच मिळते तर लांबून कोण आणणार? घोडागाड्यांचेही तसेच झाले. शाळेत गाड्या तयार व्हायच्या, दुरुस्त व्हायच्या, आणि आसपासचे शेतकरी त्या वापरायचे.

बंधूंनो, शाळा ओळखण्याची खूण मला इथे सापडते. शिकणाऱ्या पोराच्या हातची वस्तू पंचक्रोशीतला परका माणूस रोख पैसे देऊन घेतो का? घेत असेल तर ते शिक्षण खरे. प्रमाणपत्रावर शिक्का कितीही मोठा असो, गिऱ्हाईक फसत नाही. मी कृषी पदविका केली तेव्हा डोळा भरायला शिकलो तो रोपवाटिकेतल्या माळीबुवांकडून. परीक्षेत त्याला गुण पाचच होते, पण आज गावात माझी पत आहे ती त्यामुळे.

आईबापांचा विरोधही मोठा होता. पोराला राबायलाच लावायचे तर शाळेत कशाला पाठवले, अशी पत्रे यायची, काही जण स्वतः येऊन भांडायचे. बुकर मागे हटले नाहीत. ज्यांच्याकडे जेवणाचे पैसेही नव्हते त्यांच्यासाठी १८८४ मध्ये रात्रशाळा काढली. दिवसा दहा तास धंद्याचे काम, रात्री दोन तास पुस्तक. कमाई शाळेत जमा व्हायची आणि पुढे दिवसाच्या शाळेत गेल्यावर त्यातून जेवणखर्च वळता व्हायचा. दात घासायचा ब्रश नसलेल्याला मात्र वर्गात जागा नव्हती, या बाबतीत ते फार कडक. स्वतः डुकरे आणि कोंबड्या पाळत, आणि डुक्कर हे आपले आवडते जनावर म्हणून सांगायला त्यांना संकोच नव्हता.

शेतीचेही ऐका. त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने एकरी २६६ बुशेल रताळी काढली. त्या भागात सरासरी ४९ बुशेल निघत. रताळ्याचा बुशेल पंचवीस किलोचा धरला तर सव्वाबारा क्विंटलच्या जागी साडेसहासष्ट क्विंटल. गोरे शेतकरी त्याच्याकडे विचारायला आले. १८९२ पासून टस्कीगीला दरवर्षी शेतकऱ्यांची परिषद भरू लागली. तिथे भाषणे कमी. कोणावर किती कर्ज, कोणी किती एकर घेतली, घरात खोल्या किती, हे शेतकरी उभे राहून सांगत.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर तुमची फसवणूक होईल.

१८९५ मध्ये अटलांटाच्या प्रदर्शनात बुकर यांचे भाषण झाले आणि ते देशभर गाजले. मथितार्थ असा की काळ्यांनी आधी धंदा, शेती, बचत यांत पाय रोवावेत, बरोबरीने बसण्या-उठण्याचा आग्रह सध्या धरू नये. गोरे खूश झाले, कारखानदारांनी थैल्या मोकळ्या केल्या. अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०३ मध्ये एकरकमी सहा लाख डॉलर दिले. १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना जेवायला बोलावले, त्यावरून दक्षिणेत गदारोळ उठला. पण त्याच साली अलाबामाने नवी राज्यघटना करून बहुतेक सगळ्या काळ्यांचा मताधिकार काढून घेतला. गंमत पाहा, जी मते वापरून टस्कीगीची शाळा मिळाली होती, तीच गेली. विटा चांगल्या पाडणाऱ्याचेही मत गेले आणि ज्याच्याकडे स्वतःची जमीन होती त्याचेही.

डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या विद्वानाने १९०३ मध्ये बुकर यांच्यावर सडकून टीका केली. हक्क सोडून दिलेल्या माणसाची मिळकतही सुरक्षित राहत नाही आणि उच्च शिक्षणावाचून पुढारी कुठून येणार, हा त्याचा मुद्दा होता. मला तो बरोबर वाटतो. बुकर यांच्या बाजूने एवढे म्हणेन की दक्षिणेत खेड्यात शाळा चालवणारा माणूस आणि शहरात बसून लिहिणारा माणूस यांची पायाखालची जमीन वेगळी होती. मताधिकारासाठीच्या काही कोर्टकज्ज्यांना बुकर यांनीच गुपचूप पैसे पुरवले होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर कागदपत्रांतून बाहेर आले.

दुसरा कच्चा दुवा धंद्यांचाच. गाडी बांधणे, घोड्याचे कातडी सामान, लोहारकाम ही शाळेची मोठी खाती. मोटार आली आणि हे धंदे उतरणीला लागले. शहरातल्या गोऱ्या कामगार संघटना काळ्या कारागिराला अनेक ठिकाणी आत घेत नसत. टस्कीगीतून शिकलेले बरेच जण शेवटी शिक्षक झाले. म्हणजे धंदा शिकवणाऱ्या शाळेलाही दहा-वीस वर्षांनी आपली खाती पुन्हा तपासावी लागतात. आज मुलाला मोटार वाइंडिंग शिकायला पाठवताना सौरपंपाचे काम तिथे शिकवतात का, हे विचारा.

तेव्हा यंदा संस्था बघायला जाल तर ऑफिसात बसू नका. कार्यशाळा उघडायला सांगा. यंत्रावर धूळ आहे की तेल आहे ते बोटाने पाहा, हॅम्प्टनच्या बाईंनी रुमाल फिरवला तसा. मान्यता कोणाची आणि कोणत्या सालापर्यंतची, ते लेखी मागा. गेल्या दोन वर्षांतल्या मुलांपैकी चार नावे-पत्ते घ्या आणि त्यांच्या घरी जाऊन या. कुठल्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारी मिळते ते विचारा. त्यासाठी आपल्याकडे १९६१ पासून कायदा आहे. हमी देणाऱ्याला हमी कागदावर लिहून मागा, आवाज खाली येतो की नाही बघा. ग्रामसेवक मंडळींनी अशा माहितीचा एक कागद पंचायतीच्या फळ्यावर लावला तर पाच-दहा घरांचे पैसे वाचतील.

बुकर यांची शेवटची वर्षे वर्गण्या गोळा करत हिंडण्यात गेली. शिकागोचे व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्याकडून त्यांनी खेड्यांतल्या शाळांसाठी पैसा मिळवला. अट अशी की गावानेही आपला वाटा घालायचा, मग तो पैसा असो, जागा असो की अंगमेहनत. या योजनेतून १९३२ पर्यंत दक्षिणेत पाच हजारांच्या आसपास शाळा बांधल्या गेल्या. बुकर यांना त्यातल्या पहिल्या थोड्याच पाहता आल्या. १४ नोव्हेंबर १९१५ रोजी वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी ते टस्कीगीतच वारले. तेव्हा शाळेत शंभरावर इमारती होत्या, दीड हजार विद्यार्थी होते आणि अडतीस धंदे शिकवले जात होते.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण ती माझ्या खात्याच्या कामाची आहे. शाळेत येऊ न शकणाऱ्या शेतकऱ्याकडे शाळा न्यावी, अशी बुकर यांची फार इच्छा. १९०६ मध्ये कार्व्हर यांनी त्यासाठी जनावरे जुंपायची एक गाडी आखून दिली. न्यूयॉर्कच्या मॉरिस जेसप या धनिकाने पैसे दिले, म्हणून तिला जेसप गाडी म्हणत. नांगर, बियाणे, लोणी काढायचे यंत्र असे सामान भरून ती खेड्यात जायची आणि शेतकऱ्याच्याच रानात प्रात्यक्षिक व्हायचे. टस्कीगीचाच विद्यार्थी टॉमस कॅम्बेल याला त्याच वर्षी सरकारने या कामावर नेमले. अमेरिकेत सरकारी शेती विस्ताराचे काम करणारा तो पहिला काळा माणूस. पुढे जनावरांच्या जागी मोटार आली. १९२३ मध्ये नवी मोटार घ्यायची वेळ आली तेव्हा अलाबामातल्या काळ्या शेतकऱ्यांनी आपसात वर्गणी काढली आणि मोटारीला बुकर वॉशिंग्टन यांचे नाव दिले.